सल्ला: अ‍ॅडमिशनला पर्सनॅलिटी टेस्ट लावायची का?

नमस्कार मॅडम,

मी एका विद्यापीठात काउन्सेलिंगच्या एम.ए.ला शिकवते. नोकरी नवीन आहे आणि अ‍ॅडमिशन कमिटीत सगळ्यात ज्युनियर मीच. आमच्याकडे लेखी परीक्षा आणि इंटरव्ह्यू घेऊन निवड होते. गेल्या वर्षी एक मुलगा फील्डवर्क चालू असतानाच कोर्स सोडून गेला आणि एका मुलीला क्लायंटसमोरच रडू कोसळलं, तिला नंतर बरीच सुट्टी घ्यावी लागली. तेव्हापासून आमचे एचओडी सर म्हणतायत की असे कॅंडिडेट आधीच गाळता आले पाहिजेत, पुढच्या वर्षीपासून सायकॉलॉजिकल टेस्ट लावू. एका कंपनीचा माणूस डेमो देऊन गेला, सरांनी स्वतः टेस्ट दिली, रिपोर्ट तंतोतंत जुळला म्हणून ते जाम खूश आहेत. दीडशे प्रश्न, अर्धा तास, पाच-सहा आलेख आणि शेवटी एक ओळ, 'रेकमेंडेड' किंवा 'नॉट रेकमेंडेड'. मला हे पटत नाहीये. पण मी स्वतः सायकॉलॉजीवाली, मीच टेस्टला विरोध करायचा? आणि कशाच्या जोरावर?

— कमिटीतली ज्युनियर

नमस्कार ज्युनियर,

सायकॉलॉजीवाली असून विरोध कसा करू म्हणताय, अहो सायकॉलॉजीवाल्या आहात म्हणूनच तर करायचा. टेस्ट चांगली की वाईट असा प्रश्न आपल्या विषयात कोणी विचारतच नाही, कशासाठी, कोणावर आणि त्या स्कोअरवरून पुढे काय ठरणार, एवढंच विचारायचं असतं. आणि हे तिन्ही तुमच्या कमिटीत अजून कोणी विचारलेलं दिसत नाहीये, तुम्ही ज्युनियर असलात म्हणून काय झालं.

आधी सरांच्या रिपोर्टचं बघू, कारण खरा अडसर तिथेच आहे. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ साली आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना एक पर्सनॅलिटी टेस्ट दिली, आठवड्याने प्रत्येकाच्या हातात त्याचा रिपोर्ट ठेवला आणि किती जुळतोय त्याला ५ पैकी मार्क द्या म्हणाले. सरासरी ४ च्या वर गेली. मग त्यांनी सांगितलं की सगळ्यांचा रिपोर्ट एकच होता, अक्षर न् अक्षर तोच, आणि त्यातली वाक्यं बाजारातल्या एका भविष्याच्या पुस्तकातून उचललेली. 'तुम्ही बाहेरून शिस्तीचे वाटता पण आतून कधीकधी काळजी करता' हे वाक्य कोणाला लागू होणार नाही सांगा. तेव्हा रिपोर्ट जुळला यावरून टेस्टबद्दल काहीच कळत नाही. सरांशी वाद घालू नका, त्यापेक्षा एक करा, अजून तीन सहकाऱ्यांना तीच टेस्ट द्यायला लावा, चारही रिपोर्टवरची नावं झाका आणि सरांना म्हणा तुमचा कुठला ते ओळखा. ओळखला तर छानच, निदान त्या टेस्टमध्ये माणसामाणसांत फरक करण्याइतपत काहीतरी आहे. नाही ओळखता आला तर तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.

आता प्रश्नच जवळून बघा. अशा प्रश्नावलीत साधारण कशी वाक्यं असतात, 'मला कधीकधी कारण नसताना उदास वाटतं', 'ताण आला की माझं डोकं शांत राहतं', 'हातात घेतलेलं काम मी पूर्ण करतेच', आणि पुढे 'अजिबात नाही' पासून 'पूर्णपणे' पर्यंत पाच गोल. हीच वाक्यं कोणाला उपचाराच्या खोलीत दिली तर तो खरं सांगेल, कारण खरं सांगण्यात त्याचा फायदा आहे. अ‍ॅडमिशनच्या हॉलमध्ये बसलेल्या मुलीचा काय फायदा? काउन्सेलिंगच्या कोर्सला सीट हवी आहे, समोर 'कारण नसताना उदास वाटतं' आलंय, कुठला गोल काळा करायचा हे तिला कोणी शिकवायला हवं का. जी प्रामाणिकपणे 'बऱ्याचदा' वर खूण करेल ती गेली आणि जिने दोन मिनिटं विचार करून 'क्वचित' केलं ती आली. म्हणजे काटा आणि वजनं दोन्ही उमेदवारांच्याच हातात देऊन वर म्हणायचं की बघा किती अचूक वजन केलं.

यावर कंपनीवाला सांगेल की आमच्यात लाय स्केल आहे. असतं, 'मी आयुष्यात कधीच कोणाबद्दल वाईट बोललेले नाही' असं एखादं वाक्य मध्येच घुसवलेलं असतं, त्याला जोरात हो म्हटलं की हा माणूस स्वतःला गोड दाखवतोय असं धरायचं. पण ते वाक्य ओळखायला फार हुशारी लागत नाही, एकदा कोणी सांगितलं की पुढच्या सगळ्यांना माहीत, आणि अ‍ॅडमिशनच्या परीक्षेचं कोणी कोणाला सांगणार नाही असं होतं का कधी. शिवाय लाय स्केलवर जास्त येणाऱ्यांत काही खरोखरच साधी, सरळ, नियमाने वागणारी मुलं पण असतात, त्यांना उगाच खोटारडं ठरवायचं. दोन चांगल्या वाक्यांतून एक निवडायला लावणारे प्रश्न असतात, 'मी वेळ पाळते' आणि 'मी लोकांना समजून घेते' यातलं जास्त लागू कुठलं, त्याने थोडा फरक पडतो, पण कुठल्या कोर्सला काय हवंय याचा अंदाज उमेदवाराला असतोच की.

पर्सनॅलिटी टेस्टमध्ये काहीच तथ्य नाही असं मात्र मीटिंगमध्ये म्हणू नका, ते चूक आहे आणि कोणीतरी लगेच पकडेल. कॉन्शन्शसनेस, म्हणजे नेटानं, नीटपणे काम करायची सवय, याचा अभ्यासातल्या यशाशी संबंध आहेच. आर्थर पोरोपॅट यांनी २००९ साली खूप सारे जुने अभ्यास एकत्र करून बघितलं, सत्तर हजारांच्या वर विद्यार्थ्यांचा डेटा, आणि तो संबंध साधारण ०.२ च्या आसपास निघाला (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण). आता ०.२ चा वर्ग करा, ०.०४. मार्कांमध्ये जो फरक पडतो त्यातला ४ टक्के भाग या गुणाशी जोडता येतो, बाकी ९६ टक्के इतर कशाकशामुळे. संशोधनात हे महत्त्वाचं, नाही कोण म्हणतंय, पण 'नॉट रेकमेंडेड' लिहून एका माणसाचा अर्ज बाजूला ठेवायला हे पुरतं का. आणि असे अभ्यास बहुतेक वेळा अशा मुलांवर झालेले असतात ज्यांचं त्या प्रश्नावलीवर काहीच अवलंबून नव्हतं, तुमच्या मुलांचं वर्ष अवलंबून असणार आहे.

आता सरांच्या मनात जे आहे त्यावर येते, 'अशी मुलं गाळायची'. इथे मी तुम्हाला एक हिशोब देते, तो फळ्यावर मांडा. समजा १०० जणांना प्रवेश दिला तर त्यातले ५ पुढे कोलमडणार आहेत. आणि समजा कंपनीची टेस्ट भारी आहे, मी मुद्दाम उदार होऊन धरते, ५ पैकी ४ जणांना ती बरोबर पकडते आणि उरलेल्या ९५ पैकी फक्त २० टक्क्यांना चुकून लाल शेरा देते. ९५ चे २० टक्के म्हणजे १९. लाल शेरा एकूण २३ जणांना, त्यातले खरे ४. म्हणजे गाळलेल्या प्रत्येक सहा जणांत पाच जण नीट कोर्स पूर्ण करणारे होते. ही टेस्टची चूक नाहीये हां, जी गोष्ट मुळात क्वचित घडते ती आधी ओळखायला गेलं की असंच होतं, टेस्ट कुठलीही असो. सरांना विचारा, चार जण टळावेत म्हणून एकोणीस चांगले विद्यार्थी घालवायची तयारी आहे का. असेलही कदाचित, पण मग ते उघडपणे ठरवू देत, आलेखाच्या आड नको.

कटऑफचं पण तेच. एखाद्या टेस्टची रिलायबिलिटी, म्हणजे पुन्हा घेतली तर स्कोअर किती तसाच येतो ते, ०.८ आहे, जी बरी समजतात, आणि मार्कांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे मार्क सरासरीपासून किती पसरलेत ते, १० आहे, तर एका माणसाच्या स्कोअरमध्ये साधारण साडेचार मार्कांची इकडेतिकडे चूक धरावी लागते. कटऑफ ६० ठेवलात तर ५८ वाली बाहेर आणि ६२ वाली आत, आणि पुढच्या मंगळवारी तीच टेस्ट पुन्हा घेतली तर दोघींची अदलाबदल व्हायची.

त्या रडलेल्या मुलीबद्दल मला तुमच्या पत्रात एक गोष्ट सापडली नाही. ती किती क्लायंट बघत होती, तिची सुपरव्हिजन कोण घेत होतं, आठवड्यातून कितीदा, आणि त्या दिवशी ती बाहेर आल्यावर तिच्याशी कोण बोललं. क्लायंटचं ऐकून शिकाऊ काउन्सेलरला रडू येणं ही काही भयंकर गोष्ट नाही, बऱ्याच जणांना येतं, त्यातले पुढे उत्तम काम करतात. मुलगा सोडून गेला तो का गेला हे कोणी विचारलं का, घरचं काही होतं, पैशाचं होतं, का फील्डवर्कच्या जागी एकटं सोडून दिलं होतं. हे माहीत नसताना त्याचा दोष त्याच्या पर्सनॅलिटीत होता आणि तो अर्ध्या तासात सापडला असता हे कुठून आलं? आधी हे शोधा, गेल्या काही बॅचेसमधून जे सोडून गेले त्यांना फोन करा, दहा मिनिटं बोला. मला वाटतं निम्मी उत्तरं अशी येतील की त्यासाठी अ‍ॅडमिशनची पद्धत बदलायची गरजच नाही, फील्डवर्कची बदलायला लागेल. ते जास्त कष्टाचं आहे म्हणून टेस्ट आवडते, हे आपलं माझं मत.

आणि एक रेघ पक्की ओढा. क्लिनिकल टेस्ट निवडीसाठी नाही म्हणजे नाही. एमएमपीआय या प्रश्नावलीचंच उदाहरण घ्या, १९४३ साली मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी ती आणली ती मानसिक आजारांच्या निदानाला मदत म्हणून. ती अ‍ॅडमिशनला लावणं म्हणजे अर्जदाराची मेडिकल तपासणी करणं झालं, तीही न सांगता. ज्याला डिप्रेशन होऊन गेलंय आणि आता बरा आहे तो तुमच्या कोर्सला चांगला काउन्सेलर होऊ शकतो, आणि बऱ्याच देशांत मानसिक आजार हा अपंगत्वाच्या कायद्यात येतो, तेव्हा त्यावरून प्रवेश नाकारला तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. विद्यापीठाच्या कायदेवाल्यांना मीटिंगला बोलवा, त्यांचं एक वाक्य तुमच्या दहा वाक्यांपेक्षा लवकर पोचेल. कंपनीने चार अक्षरांचे सोळा प्रकारवालं काही आणलं असेल, एमबीटीआयसारखं, तर ते तिथेच संपवा, ती टेस्ट माणसं निवडायला वापरू नका हे तिचे प्रकाशक स्वतःच सांगतात.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. टेस्ट नको, आमचा इंटरव्ह्यू पुरेसा आहे, असं तुमच्या मनात असेल तर थांबा. १९७९ साली ह्यूस्टनमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये एक गंमत झाली, इंटरव्ह्यू घेऊन क्रमवारी लावून १५० जणांना प्रवेश देऊन झाला होता आणि तेवढ्यात राज्याच्या विधिमंडळाने सांगितलं की अजून ५० घ्या. तोवर वरची मुलं दुसरीकडे गेलेली, म्हणून यादीच्या तळातून, आधी नाकारलेल्यांतून घ्यावी लागली. पुढे दोन्ही गटांची तुलना केली, १९८७ मध्ये ती छापून आली, आणि अभ्यासात, वॉर्डातल्या कामात, नंतरच्या ट्रेनिंगमध्ये सांगण्यासारखा फरक सापडला नाही. इतक्या सगळ्या अनुभवी डॉक्टरांनी तास न् तास बसून जे पारखलं त्याचा पुढे काही उपयोग दिसला नाही. तुमच्या कमिटीचे इंटरव्ह्यू यापेक्षा वेगळे असतील असं मानायला काय आधार आहे? 'मुलगी स्मार्ट वाटली', 'बोलण्यात कॉन्फिडन्स नव्हता', हेच चालतं ना शेवटी. सर टेस्टकडे वळलेत त्यामागे ही पण खदखद असेल आणि ती खोटी नाही.

मग काय करायचं, तर स्वतःबद्दल काय वाटतं हे विचारण्यापेक्षा करून दाखवायला लावा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने मेडिकलच्या प्रवेशासाठी मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू काढला, २००४ साली त्यावरचा त्यांचा पेपर आला आणि नंतर बऱ्याच देशांत तो पसरला. एका मोठ्या इंटरव्ह्यूऐवजी आठ-दहा छोटी स्टेशन, प्रत्येकी आठ-दहा मिनिटं, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक आणि त्याला बाकीच्यांचे मार्क माहीत नसतात. एकाला तुमचा चेहरा आवडला नाही तरी बाकीचे सात-आठ उरतात, सगळं त्यातच आलं.

तुमच्या कोर्सला एक स्टेशन असं करता येईल. खुर्चीवर एक माणूस बसलाय, भूमिका करणारा, तो सांगतो की परीक्षेत नापास झालो आणि घरी सांगितलेलं नाही, आणि एवढं बोलून गप्प बसतो. अर्जदार काय करते ते बघायचं. लगेच 'अरे काही होत नाही, पुन्हा दे परीक्षा' म्हणते, स्वतःची गोष्ट सांगायला लागते, का थांबून विचारते की घरी सांगायचं म्हटलं की काय होतं मनात. परीक्षकाच्या हातात तीन-चारच गोष्टींचा कागद, ऐकून घेतलं का, सल्ल्याची घाई केली का, गप्प राहणं सहन झालं का. 'व्यक्तिमत्त्व' असा रकाना ठेवायचा नाही, तो ठेवला की सगळं पुन्हा तिथेच येतं. यात नाटक करता येत नाही का? येतं की, पण आठ मिनिटं नीट ऐकून घ्यायचं नाटक ज्याला जमतं त्याला निम्मं काम येतंच.

माणसं आणि वेळ कमी असेल तर लेखी सिच्युएशनल जजमेंट टेस्ट हा मधला मार्ग. प्रसंग द्यायचा, चार-पाच कृती द्यायच्या, कुठली कितपत योग्य ते विचारायचं. ब्रिटनमध्ये मेडिकलच्या प्रवेशासाठी जी यूसीएटी घेतात त्यात असा एक भाग आहे, त्याचा निकाल मार्कांत न देता चार बँडमध्ये देतात. त्याच परीक्षेतला आकृत्यांचे पॅटर्न ओळखायचा भाग २०२५ पासून काढून टाकलाय बरं का, म्हणजे एवढी मोठी परीक्षा चालवणारे पण आपल्या टेस्टचा एखादा तुकडा उपयोगाचा नाही वाटला तर काढतात. हे कंपनीच्या माणसाला विचारा, तुम्ही आजवर काय काढून टाकलं आणि का. त्याबरोबर मॅन्युअल मागा, ब्रोशर नाही, मॅन्युअल. नॉर्म्स, म्हणजे स्कोअर ज्यांच्याशी ताडून बघतात ते आकडे, कोणावर काढलेत, नोकरीच्या उमेदवारांवर असतील तर तुमच्या मुलांना कसे चालतील, भाषांतर केलेली असेल तर त्या भाषेत पुन्हा नॉर्म्स काढले का, आणि 'रेकमेंडेड' ही ओळ कुठल्या स्कोअरवर येते आणि तो आकडा कोणी ठरवला. शेवटच्याला 'ते आमचं अल्गोरिदम आहे' असं उत्तर आलं तर चहा पाजून पाठवून द्या.

तरीही सर ऐकणार नाहीत असं धरून चालू. मग थेट नाही म्हणू नका, पायलट सुचवा. येत्या वर्षी निवड जुन्याच पद्धतीने करायची, प्रवेश झाल्यावर, मुलांची लेखी संमती घेऊन टेस्ट घ्यायची, रिपोर्ट शिक्षकांपैकी कोणीही बघायचा नाही, पाकिटं सील करून परीक्षा विभागाकडे. दोन वर्षांनी बॅच बाहेर पडली की फील्डवर्कच्या सुपरव्हायझरचे शेरे आणि ते स्कोअर शेजारी ठेवून बघायचे. एक बॅच लहान असते, त्यावरून पक्कं काही ठरणार नाही, पण लाल शेरा मिळालेली मुलं मजेत काम करताना दिसली की कमिटीचा उत्साह आपोआप उतरतो. तोवर गेल्या बॅचेसचे इंटरव्ह्यूचे मार्क आणि फील्डवर्कचे शेरे तुमच्या ऑफिसात पडलेलेच असतील, ते एका एक्सेल शीटमध्ये टाका, याला कोणाची परवानगी लागू नये, लागली तर घ्या. यात एक खाचखळगा लक्षात ठेवा, तुमच्याकडे फक्त निवडलेल्यांचाच डेटा आहे, नाकारलेले कसे निघाले असते ते त्यात येत नाही, त्यामुळे संबंध आहे त्यापेक्षा कमी दिसेल, लगेच इंटरव्ह्यू बंद करा म्हणून धावू नका.

हे सगळं एका पानाच्या नोटमध्ये लिहून मीटिंगच्या आधी सरांना एकट्यांना द्या, सगळ्यांसमोर पहिल्यांदा वाचायला मिळालं तर माणूस हट्टाला पेटतो. नोटमध्ये २३ आणि ४ चा हिशोब वर ठेवा, फोरर शेवटी. आणि पायलट असो वा काही, कंपनीशी करार झालाच तर त्यात मुलांची उत्तरं कोणाकडे राहणार, कंपनी ती आपल्या दुसऱ्या कामाला वापरणार का, मुलाने मागितला तर त्याला त्याचा रिपोर्ट मिळणार का आणि सगळं कधी डिलीट होणार, तारखेसकट लिहून घ्या. तारीख टाकायला ते तयार नसतील तर रजिस्ट्रार ऑफिसला कळवा, सही त्यांची असते.